चौकातलं गाव: कॉलेज बुडाल्यानंतरचं फेअरफील्ड

१९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या फेअरफील्ड गावचं पार्सन्स कॉलेज कायमचं बंद झालं. ९८ वर्षं चाललेली संस्था. डोक्यावर एक कोटी डॉलरांच्या वर कर्ज, गावाच्या उत्तर टोकाला रिकाम्या इमारती आणि वसतिगृहांना कुलपं. गावाची वस्ती नऊ हजारांच्या आसपास. खोल्या भाड्याने देणारे, खानावळी चालवणारे, कपड्यांचे दुकानदार, सगळ्यांचं गणित कॉलेजच्या पोरांवर बसलेलं होतं. वर्षभरात त्याच इमारती सुमारे २५ लाख डॉलरांना विकल्या गेल्या. घेणारे होते महर्षी महेश योगी यांचे अनुयायी, आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराहून महर्षी इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी आपलं बिऱ्हाड घेऊन मक्याच्या शेतांमधल्या या गावात आली.

आपल्याकडे या गावाबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक महर्षींच्या बाजूने. अमेरिकेत ध्यानाचं गाव वसलं, पाश्चात्त्य माणसं वेद शिकू लागली वगैरे. मला हे प्रकरण गावाच्या बाजूने मांडायचं आहे. पाहुणे आले १९७४ मध्ये, गाव आहे १८३९ पासूनचं. आणि हे गाव तगलं कशामुळे, याचं उत्तर पाहुण्यांइतकंच त्या जुन्या गावात सापडतं असं माझं ठाम मत आहे.

काउंटीचं ठिकाण

आयोवात ९९ काउंट्या, म्हणजे कारभाराचे विभाग, आहेत. त्यातली जेफरसन काउंटी सुमारे ११३० चौरस किलोमीटरची. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १५,६६३ भरली. फेअरफील्ड हे तिचं 'काउंटी सीट', म्हणजे कारभाराचं ठिकाण. आपल्या तालुक्याच्या गावाशी त्याचं नातं लगेच ध्यानात येतं. कोर्ट इथे, शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख इथे, जमिनीच्या खरेदीखताची नोंद इथे, मालमत्ता कर भरायचा इथे आणि गाडीचा नंबरही इथूनच घ्यायचा. आसपासच्या शेतकऱ्याला आवडो न आवडो, वर्षातून काही वेळा या गावात यावंच लागतं. आलाच आहे तर तो केसही कापून घेतो, बियाणं बघतो, कॉफी पितो. असल्या गावाची अर्धी बाजारपेठ या 'आलोच आहे तर'वर उभी असते.

गावाची आखणी चौकाभोवती. आयोवातल्या पुष्कळ काउंटी गावांत चौकाच्या मधोमध कोर्टाची इमारत असते. फेअरफील्डच्या चौकात मात्र बाग आहे, तिचं नाव सेंट्रल पार्क. मध्ये बँडसाठी छत्रीसारखा मंडप आणि चारही बाजूंना विटांच्या जुन्या इमारतींत दुकानं. कोर्ट जरा उत्तरेला, १८९० च्या दशकातलं, भारदस्त. माझ्या मते या मांडणीला महत्त्व आहे. गावाच्या पोटात सरकारी इमारत नाही, कुणीही येऊन बसावं अशी मोकळी जागा आहे.

आयोवा राज्याची शेतकी जत्रा आज लाखो लोक जमवते आणि राजधानी डे मॉइनमध्ये भरते. तिचा जन्म मात्र फेअरफील्डचा. २५ ऑक्टोबर १८५४ ला सहा एकरांच्या तुकड्याला लाकडी कुंपण घालून पहिली जत्रा भरली, तिकीट २५ सेंट. दुसऱ्या वर्षीही ती इथेच झाली. त्या पहिल्या जत्रेत बायकांची घोडेस्वारीची स्पर्धा होती आणि बक्षीस सोन्याचं घड्याळ. गर्दीचा जीव जडला होता आयोवा सिटीहून आलेल्या एका १३ वर्षांच्या मुलीवर. परीक्षकांनी घड्याळ दुसरीला दिलं. तेव्हा लोकांनी जागच्या जागी वर्गणी काढली, मुलीच्या हातात पैसे दिले आणि तिच्या शाळेचीही सोय लावून दिली. परक्या गावची पोर, तिच्यासाठी अनोळखी शेतकऱ्यांनी खिशात हात घातले. पुढच्या दीडशे वर्षांचा विचार करताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो.

१८५८ मध्ये मिसिसिपीच्या काठच्या बर्लिंग्टनहून रेल्वे आली आणि गाव बाजाराला जोडलं गेलं. याच गावच्या विल्यम लाउडनने १८६७ मध्ये गवत उचलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कोठाराच्या आढ्याला रूळ बसवायचा, त्यावरून चाकांवर गवताचा भारा सरकवत न्यायचा आणि हवा तिथे सोडायचा. ज्याने काट्याने गवत उपसून माळ्यावर टाकलंय त्यालाच या यंत्राची किंमत कळेल. लाउडनच्या कारखान्याने पुढे कोठारांचे आराखडेही पुरवले आणि गावाला दोन-तीन पिढ्या काम दिलं.

आणि ग्रंथालय. वाचनालयाची मंडळी १८५३ पासून धडपडत होती. गावचे जेम्स विल्सन सिनेटर होते. गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीचा ठराव डिसेंबर १८६३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, मांडणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे शब्द टाकला. कार्नेगी तोवर आपल्या जन्मगावाला आणि जिथे त्यांचे पोलादाचे कारखाने होते अशा ठिकाणांना ग्रंथालयं देत होते. फेअरफील्डशी त्यांचा ना जन्माचा संबंध ना धंद्याचा. तरी १८९२ मध्ये त्यांनी पैसे दिले आणि पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली. नंतर देशभर जी शेकडो कार्नेगी ग्रंथालयं झाली, त्यांची वाट या गावावरून गेली. आज तिथे संग्रहालय आहे. ग्रंथालय १९९० च्या दशकात नव्या जागी गेलं.

कॉलेज कसं बुडालं

१८७५ मध्ये एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून उभं राहिलेलं पार्सन्स हे प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचं छोटंसं कॉलेज. १९५५ मध्ये मिलर्ड रॉबर्ट्स नावाचे धर्मोपदेशक अध्यक्ष म्हणून आले तेव्हा विद्यार्थी जेमतेम काहीशे. रॉबर्ट्स यांचा हिशोब साधा होता. दुसऱ्या कॉलेजांतून नापास होऊन बाहेर पडलेल्यांना दार उघडायचं, वर्ष तीन सत्रांत चालवायचं, प्राध्यापकांना भरघोस पगार द्यायचे आणि जाहिरात करायची. दहा-अकरा वर्षांत विद्यार्थी पाच हजारांच्या घरात पोचले. गावात पैसा खेळला, वसतिगृहांवर वसतिगृहं उठली. व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस होते. कॉलेजात नाव असलं की सैन्यातली भरती लांबत असे, त्याचाही हातभार होता.

१९६६ मध्ये 'लाइफ' नियतकालिकाने या 'नापासांच्या विद्यापीठा'वर लेख छापला. १९६७ मध्ये कॉलेजांना मान्यता देणाऱ्या नॉर्थ सेंट्रल असोसिएशनने पार्सन्सची मान्यता काढली आणि रॉबर्ट्स यांनाही जावं लागलं. मग विद्यार्थी ओसरले, कर्जाचे हप्ते ओसरेनात. पाच-सहा वर्षांत सगळं आटोपलं.

गावाने यातून काय शिकावं? एकाच गिऱ्हाइकावर पोट ठेवू नये, हे खरं. पण त्याहून बारीक गोष्ट अशी की पार्सन्सची पोरं गावात राहिली तरी गावची झाली नव्हती. चार वर्षं राहायचं, पैसे उधळायचे आणि जायचं. त्यामुळे १९७४ मध्ये नवे लोक आले तेव्हा गावाला वाटलं, हेही तसलेच. हिप्पी येणार अशी धास्ती होती. उतरले ते कोट-टाय घातलेले, केस नीट कापलेले, दारू-सिगरेटपासून लांब असलेले तरुण. गाव बुचकळ्यात पडलं.

'रू' आणि 'टाउनी'

पहिली पाच वर्षं बरी गेली. खरा धक्का १९७९ चा. त्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टच्या मेळाव्यात महर्षींनी अनुयायांना सांगितलं की फेअरफील्डला जा, तिथे एकत्र ध्यान करा. आणि लोक खरंच निघाले. शिक्षक, डॉक्टर, विक्रेते, इंजिनियर, बायकामुलांसह. ते कायमचे राहायला आले होते. गावकऱ्यांनी त्यांना 'गुरू'चं लघुरूप करून 'रू' म्हणायला सुरुवात केली, आणि मूळचे झाले 'टाउनी'.

विद्यापीठाच्या आवारात दोन सोनेरी घुमट उभे राहिले, पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा. पुरुषांच्या घुमटाला पतंजलींचं नाव. बायकांच्या घुमटाचं नाव 'बगंभृणी'. हे कानाला चमत्कारिक वाटतं, पण देवीसूक्त म्हणणाऱ्याला ओळख पटेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या त्या सूक्ताची ऋषिका वागाम्भृणी, तिचंच हे नाव. आयोवाच्या मक्यात अंभृण ऋषीच्या लेकीच्या नावाची वास्तू आहे, हे वाचून मला भरून आलं होतं. आत जमिनीवर फोमच्या गाद्या, त्यावर शेकडो माणसं सकाळ-संध्याकाळ ध्यानाला आणि योगसूत्रांतल्या सिद्धींच्या साधनेला बसलेली. संध्याकाळ झाली की गाड्यांची रांग घुमटांकडे वळायची. ध्यान करणाऱ्यांची दुकानं आणि बैठका त्या वेळेभोवती बेतलेल्या. मूळ गावकऱ्यांच्या पोरांच्या बेसबॉलच्या सरावाची वेळ नेमकी तीच.

यामागचा सिद्धांतही सांगायला हवा. लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतकी माणसं एकत्र साधनेला बसली की साऱ्या समाजावर परिणाम होतो, असा त्यांचा दावा. जगाची लोकसंख्या तेव्हा पावणेपाचशे कोटींच्या आसपास. तिचा एक टक्का पावणेपाच कोटी आणि त्याचं वर्गमूळ जवळपास सात हजार. म्हणून डिसेंबर १९८३ मध्ये जगभरातून सात हजार माणसं फेअरफील्डला जमवली गेली. त्या महिन्यात मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवाच्या आसपासच्या राज्यांत, विक्रमी थंडी पडली होती. नऊ-साडेनऊ हजारांच्या गावात सात हजार पाहुणे, त्यांच्यासाठी उभी केलेली चाकांवरची घरं, खाण्यापिण्याची सोय. हा दावा विज्ञानाच्या कसोटीवर मान्य झालेला नाही आणि मलाही तो पटत नाही. मात्र त्या तीन आठवड्यांत गोठलेले नळ सोडवणारे, रस्त्यावरचा बर्फ काढणारे, किराणा पुरवणारे हात गावातलेच लागले असणार. दोन्हीकडची माणसं पोटापाण्याच्या कामात एकमेकांना भेटतात ती अशी.

तेढ कुठे राहिली? एक म्हणजे शाळेत. महर्षींच्या अनुयायांनी आपल्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली. तिथली मुलं टेनिसमध्ये राज्याची विजेतीपदं आणत होती, गुणवत्तेला तोटा नव्हता. पण एका गावातली दोन मुलं एका बाकावर बसली नाहीत तर त्यांचे आईवडील एका पालकसभेत भेटत नाहीत. चर्चच्या काही मंडळींना ध्यान हा छुपा धर्मप्रचार वाटत होता. त्यांची शंका मी वेडगळ म्हणणार नाही, कारण विद्यापीठाच्या आवारात वेद सगळीकडे होता.

दुसरी जखम इमारतींची. स्थापत्य वेदाप्रमाणे दार पूर्वेला हवं, वास्तूच्या मध्यभागी ब्रह्मस्थान हवं. पार्सन्सच्या जुन्या इमारती त्यात बसेनात. एकेक पाडल्या गेल्या. १९११ च्या सुमाराचं बारहाइट चॅपल राष्ट्रीय वारसा यादीत होतं. ते वाचवण्याचे प्रयत्न झाले, तरी २००१ मध्ये तेही पडलं. इमारती त्यांच्या मालकीच्या होत्या, कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही. पण ज्या बाईचं लग्न त्या चॅपलमध्ये लागलं तिला दाराची दिशा सांगून काय समजूत पटणार? मला स्वतःला विद्यापीठाचा हा निर्णय चुकीचा वाटतो. दारं वळवता येत नव्हती तर नवी वास्तू शेजारी बांधता आली असती, जागा मुबलक होती.

पोट आणि मतपेटी

१९८० च्या दशकात आयोवाच्या शेतीचं कंबरडं मोडलं. १९८१ ते १९८६ या काळात शेतजमिनीचे भाव साठ टक्क्यांहून जास्त कोसळले, बँकांनी शेतं लिलावात काढली, त्या दशकात राज्याची लोकसंख्या २९.१ लाखांवरून २७.८ लाखांवर आली. काउंटीच्या गावांतली दुकानं एकामागून एक मिटली. फेअरफील्डची लोकसंख्या मात्र त्या दशकात घटली नाही.

कारण आलेल्या लोकांना नोकऱ्या मिळत नव्हत्या. ही अडचणच कामी आली. घुमट सोडून शिकागोला जाता येत नाही आणि गावात पदवीला साजेसं काम नाही, तेव्हा त्यांनी फोनवर, टपालाने, पुढे संगणकावर चालणारे धंदे काढले. पुष्कळ बुडाले. काही फार मोठे झाले. शाळा-कार्यालयांत पुस्तकांची प्रदर्शनं भरवून विकणारी 'बुक्स आर फन' ही कंपनी १९९९ मध्ये रीडर्स डायजेस्टने सुमारे ३८ कोटी डॉलरांना विकत घेतली. केंब्रिज इन्व्हेस्टमेंट रिसर्च ही आर्थिक सल्लागारांची कंपनी गावातली सर्वांत मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक झाली. अशा कंपन्यांत हिशोब लिहायला, फोन उचलायला टाउनी घरांतली माणसं लागली. घुमटाने जे जमलं नाही ते कचेरीने केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या घरी बाळ झालं की कुठल्याही धर्माची माणसं डबा घेऊन जातात.

आणखी एक वर्ग हळूहळू तयार झाला, आणि माझ्या मते गाव जोडलं ते त्यांनी. घुमटात जायला ओळखपत्र लागतं, ते टिकवायचे नियम कडक. दुसऱ्या गुरूकडे जाणाऱ्यांना दार बंद होऊ शकतं. काहींनी स्वतःहून संस्था सोडली, घरी बसून ध्यान करू लागले किंवा तेही सोडलं. पण गाव सोडलं नाही. घर इथे, धंदा इथे, मुलं इथे वाढलेली. 'रू' की 'टाउनी' या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ उत्तर नाही, आणि नेमकी हीच माणसं नाट्यमंडळात, बाजाराच्या समितीत, ग्रंथालयाच्या कामात दिसू लागली.

नोव्हेंबर २००१ च्या निवडणुकीत एड मॅलॉय महापौर झाले. ते १९८० च्या सुमारास ध्यानासाठी गावात आलेले, तेलाच्या व्यापारातले. त्यांनी हरवले रॉबर्ट रॅस्मुसेन यांना, जे २८ वर्षं महापौर होते. ध्यान करणारे गावात अल्पसंख्य, फार तर तिसरा हिस्सा. केवळ त्यांच्या मतांवर कुणी निवडून येणं शक्य नव्हतं. मॅलॉय १८ वर्षं पदावर राहिले. त्यांनी ध्यानाचा कारभार केला नाही, पाणी, रस्ते आणि विजेचा केला. २००९ मध्ये आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाला बरोबर घेऊन गावाचा ऊर्जा आणि पर्यावरणाचा आराखडा झाला. २००७ मध्ये कलाकेंद्र उघडलं, त्यातल्या नाट्यगृहाला संगीतकार स्टीव्हन साँडहाइम यांचं नाव. आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चौकात आर्ट वॉक. त्या संध्याकाळी दुकानं उशिरापर्यंत उघडी, भिंतींवर चित्रं, फुटपाथवर गाणी, बागेत बसलेली म्हातारीकोतारी. बाजूच्या शेतावरून ट्रक घेऊन आलेला माणूस आणि भारतीय जेवणाचं हॉटेल चालवणारा माणूस इथे एकाच रांगेत असतात.

कुंपणाच्या आत

चौक नसला की काय होतं, याचंही उदाहरण याच काउंटीत आहे. २००१ मध्येच गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर महर्षी वेदिक सिटी हे वेगळं शहर अधिकृतपणे स्थापन झालं. सगळी घरं पूर्वाभिमुख, छपरांवर कळस. त्याच परिसरात पुढे भारतातून शेकडो तरुण पंडित यज्ञ आणि वेदपठणासाठी आणले गेले. ते कुंपणाच्या आतल्या वसाहतीत राहत, गावाशी त्यांचा संबंध फारसा येत नसे. मार्च २०१४ मध्ये एका पंडिताला परत पाठवायचं ठरलं, तेव्हा इतरांनी तिथे आलेल्या शेरीफच्या गाडीवर दगड मारले. बातमी भारतातही पोचली. मला त्या पोरांचं वाईट वाटतं. विशीतली मुलं, हाडं गोठवणारी थंडी, भाषा परकी, घर हजारो मैलांवर. चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या अमेरिकन 'रूं'ना जे मिळालं, भांडायला आणि ओळखायला एक गाव, ते यांच्या वाट्याला आलंच नाही. शेरीफलाही ती मुलं कुणाची कोण, हे आधी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

फेअरफील्डची लोकसंख्या २००० मध्ये ९,५०९ होती, २०१० मध्ये ९,४६४, २०२० मध्ये ९,४१६. मिडवेस्टच्या हिशोबात हे टिकून राहणंच आहे. १९७९ ला तरुण म्हणून आलेली पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. विद्यापीठात आता संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आशिया-आफ्रिकेतून विद्यार्थी येतात, त्यात भारतीयही असतात. काही महिने वर्गात बसायचं आणि मग पगारी कामाच्या अनुभवासाठी मोठ्या शहरातल्या कंपनीत जायचं, असा तो क्रम आहे. पार्सन्सची पोरंही येऊन जाणारीच होती. गावच्या दृष्टीने पाहायचं ते एवढंच, की या नव्या मुलांपैकी कोण शनिवारच्या बाजारात हॉवर्ड पार्कला भाजी घ्यायला येतं, आणि भाजीवाला कुणाला नावाने हाक मारू लागतो.